खणातली जर्मन पोथी

आमच्या घरात देवापेक्षा देवघराचा मान मोठा आहे. हे मी रागाने लिहितेय असं कुणाला वाटेल, तर वाटू दे. राग आहेच.

त्या देवघराच्या खालच्या फळीवर, लिंगपूजेच्या साहित्याशेजारी, जांभळ्या खणात बांधलेलं एक विटेएवढं जाड पुस्तक माझ्या जन्माआधीपासून होतं. खण गुलेदगुड्डचा, म्हणजे चोळीसाठी घेतलेला पण कधी शिवलाच न गेलेला. पुस्तक जर्मन होतं. घरात सगळे त्याला 'पाद्र्याची पोथी' म्हणायचे. आम्ही सोलापूरचे लिंगायत, घरात निम्मं कन्नड, निम्मं मराठी, आणि बाजारात तिसरंच काहीतरी बोलणारे. आमच्या देवघरात ख्रिस्ती पोथी कशी आली, हे आधी सांगायला हवं.

माझ्या आईचे, अव्वाचे, वडील बागलकोटकडच्या एका गावात शाळामास्तर होते. आम्ही त्यांना अज्जा म्हणायचो. त्या गावात विणकरांच्या वस्तीजवळ एक जर्मन पाद्री राहायचा. त्याला कन्नड शिकायचं होतं, ते अज्जांनी शिकवलं. संध्याकाळी शाळेच्या कट्ट्यावर दोघं बसायचे. पुढे महायुद्ध पेटलं, इंग्रजांच्या राज्यात जर्मन माणूस शत्रू ठरला आणि पाद्र्याला छावणीत न्यायला सरकारी माणसं आली. जाताना त्याने हे पुस्तक अज्जांना दिलं. अज्जांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी ते घेतलं. गावाने त्याचा आपल्याला हवा तो अर्थ लावला. मास्तर बाटला, असं म्हणायला लागले.

अज्जा शेवटच्या दिवसापर्यंत पहाटे उठून लिंगपूजा करत. पण एकदा शिक्का बसला की माणसाच्या कपाळावरची विभूतीसुद्धा लोकांना राख दिसते. अव्वा लग्न होऊन सोलापुरात आली ती हे पुस्तक ट्रंकेत घालून, आणि बरोबर वडिलांची बदनामीही घेऊन. तिची सासू तिला 'पाद्र्याची लेक' म्हणायची. तिच्या हातचं पाणी देवाला चालायचं नाही, बाकी सगळ्यांना चालायचं. पहाटेपासून भाकऱ्या थापून घेताना मात्र ती कुणाची लेक आहे हे कुणी विचारत नसे.

मग माझा मोठा भाऊ झाला. अण्णा. बारशाच्या दिवशी सासूने खुशीत येऊन विचारलं, काय हवं ते माग. अव्वाने पाटल्या मागितल्या नाहीत, साडी मागितली नाही. ती म्हणाली, माझ्या वडिलांच्या पोथीला देवघरात जागा द्या. शब्द देऊन बसलेली सासू नाही म्हणू शकली नाही. आधी माझ्यासारखी मुलगी झाली असती, तर पोथी ट्रंकेतच राहिली असती. हे अव्वाने स्वतः मला एकदा सांगितलं, अगदी सहज, भाकरी उलटता उलटता.

तर अण्णाच्या जन्मामुळे ती पोथी देवघरात आली. एवढं ध्यानात ठेवा.

खंडेनवमीला आमच्याकडे कापडाच्या दुकानातला मोजायचा गज, कात्री, आमची शाळेची पुस्तकं असं सगळं पाटावर मांडलं जायचं आणि सगळ्यात वर ही पोथी. हळदकुंकू, विभूती, फूल, जे काही व्हायचं ते खणावरूनच. खण सोडायची कुणालाही परवानगी नव्हती. वर्षातून एकदा अव्वा दार लावून घ्यायची, पोथी नव्याने बांधायची आणि बाहेर येऊन हात धुवायची. लहानपणी मला वाटायचं, आत काहीतरी भयंकर पवित्र असणार. आम्ही सगळे त्या गाठोड्यापुढे डोकं टेकवायचो. पुढे पुढे सासूही टेकवायला लागली. अव्वा त्या वेळी कोपऱ्यात उभी राहून तिच्याकडे बघत असायची. तिने आयुष्यात जिंकलेली लढाई ती एवढीच.

आता अव्वा पंच्याऐंशीच्या घरात आहे. मी लग्न केलं नाही, कॉलेजच्या ग्रंथालयात जन्म काढला आणि पेन्शनीत आले. अण्णाचं टॉवेल-चादरींचं दुकान जोरात आहे. बाळीवेशीतलं जुनं घर विकून त्याने जुळे सोलापुरात मोठा फ्लॅट घेतला. फ्लॅटमध्ये संगमरवरी देवघर आणि हॉलमध्ये काचेची शोकेस. त्या शोकेसमध्ये काय ठेवायचं याचा विचार करता करता अण्णाला पोथी आठवली.

"आत छोटा लाईट लावू," तो म्हणाला. "खाली पितळी पाटी. जर्मन धर्मग्रंथ, इतक्या वर्षांपूर्वीचा. येणारा माणूस गार पडला पाहिजे. तू लायब्रीवाली ना, तेवढं किती वर्षांचं हाय ते काढून दे की. चारशे तरी निघू दे बघ."

जणू मी वर्षं मागवणार होते आणि तो घासाघीस करणार होता.

अव्वा आधी नाहीच म्हणाली. मग अण्णा तिच्या पायाशी बसला, तुझ्या वडिलांचं नाव होईल, लोक विचारतील, असं काय काय बोलला. वडिलांचं नाव म्हटल्यावर ती विरघळली. माझ्या हातात गाठोडं देताना एवढंच म्हणाली, "पानं बघा. पुठ्ठ्याचं काय करायचंय तुमाला?" म्हातारपणी माणूस असं काहीतरी बोलतं, असं मला वाटलं.

मी जन्मात पहिल्यांदा ती पोथी उघडी पाहिली. लाकडी फळ्यांवर पांढुरकं, हाडासारखं घट्ट कातडं, त्यावर दाबून उठवलेली वेलबुट्टी, कडेला दोन पितळी कड्या. मी माझ्या खोलीत खिडकीशी बसून कामाला लागले आणि खरं सांगायचं तर कित्येक वर्षांत एवढा आनंद झाला नव्हता. कागद उजेडाला धरला की त्यात बारीक रेघा दिसायच्या. चिंध्यांपासून हाताने केलेला कागद. आमच्या कॉलेजातली पन्नास वर्षांपूर्वीची पुस्तकं हात लावला की भुगा होतात, हा अजून कापडासारखा मऊ. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात पुढच्या पानाचा पहिला शब्द छापलेला. अक्षरं काटेरी, बाभळीच्या फांदीसारखी. मोबाइलला ती वाचता येईनात. मग मी त्या लिपीचा तक्ता मिळवला आणि एकेक अक्षर लावत बसले.

हळूहळू कळलं की ती प्रार्थनांची पोथी आहे. दुखण्यात म्हणायची, प्रवासात म्हणायची, वादळात म्हणायची, बाळंतिणीने म्हणायची. साध्या माणसांसाठी साध्या अडचणींवरच्या प्रार्थना. पहिल्या पानावर लाल आणि काळ्या शाईत लांबलचक नाव आणि अगदी तळाशी, जिथे छपाईचं साल असायला हवं, तिथे तीन-चार शब्द. ते लावायला मला दोन संध्याकाळी लागल्या. लागले तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले. तिथे लिहिलं होतं, 'या वर्षी छापले.'

पुढे वाचून समजलं की जत्रेत, बाजारात विकायची अशी पुस्तकं छापणारे मुद्दाम साल घालत नसत. माल शिळा दिसू नये आणि घेणाऱ्याला दरवर्षी वाटावं की आत्ताच निघालंय. मी हे अण्णाला सांगितलं तेव्हा त्याचं तोंड कडू झालं. खरं तर त्याला हे लगेच कळायला हवं होतं. त्याच्या दुकानावर 'नवीन माल' ही पाटी बारा महिने असते.

"असं कसं? साल पाहिजे की," तो म्हणाला. म्हणून मी जर्मनीतल्या एका जुन्या ग्रंथालयाला मेल लिहिली. पोथी कशी मिळाली, ती खणात बांधून आम्ही तिची पूजा कशी करतो, हेही लिहिलं. पानांचे फोटो मी काढले. बाहेरचे फोटो मात्र अण्णाने स्वतः काढले, कारण कड्या त्याला राजेशाही वाटत होत्या. त्याआधी मला न विचारता त्याने त्या चिंच लावून घासल्या आणि इतक्या वर्षांचा काळपटपणा धुऊन काढून लखलखीत केल्या. मी ओरडले तर म्हणाला, "स्वच्छ केलं तरी बोलतीस व्हय?"

उत्तर आलं ते रविवारी दुपारी. वास्तुशांत आठवड्यावर आली होती, त्यामुळे जुन्या घरी शेवटचं जेवण म्हणून काका, काकू, वहिनीच्या माहेरची अक्कलकोटची माणसं असा गोतावळा जमला होता. पोथी खणाबाहेर, पाटावर ठेवलेली. वहिनीने त्यावर फूल वाहिलं होतं. अव्वा जेवून आतल्या खोलीत झोपली होती. बाहेरचे फोटो अण्णाने पाठवले होते, म्हणून मेल त्याच्याही मोबाइलवर आली होती. मी चष्मा शोधत होते तोवर त्याला धीर निघेना. त्याने मोबाइलला सांगितलं, मराठी करून मोठ्याने वाच.

तर त्या यंत्रातली ती कायम आनंदात असलेली बाई वाचायला लागली. आपल्या पत्राबद्दल धन्यवाद. फोटो फार सुंदर आहेत. अण्णाने सगळ्यांकडे बघून मान डोलावली. मग ती बाई त्याच आनंदात म्हणाली, "हे पुस्तक लाकडी फळ्यांवर ताणलेल्या डुकराच्या पांढऱ्या कातड्यात बांधलेले आहे. जर्मन धार्मिक पुस्तकांसाठी ही पद्धत प्रसिद्ध होती."

अण्णाने मोबाइल बंद केला. पण बंद करून काय होणार? काकूंनी हातातली सुपारी खाली ठेवली. वहिनी फूल वाहिलेला हात अंगापासून लांब धरून उभी राहिली, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. मग एकदम कल्ला झाला. देवघर धुतलं गेलं, गोमूत्र आलं, बायका अंघोळीला रांगेत लागल्या. पोथी कुणीतरी काठीने ढकलत गॅलरीत वॉशिंग मशीनच्या मागे नेली. अण्णाच्या कमरेचा पट्टा, खिशातलं पाकीट, नव्या गाडीच्या सीटा, यांचं कातडं कुठल्या जनावराचं ते त्या दिवशीही कुणी विचारलं नाही. पाद्र्याची लेक म्हणणारी सासू जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण काकूंच्या तोंडून तिचंच वाक्य निघालं. "शेवटी पाद्र्याचंच ते."

मी पोथी उचलून माझ्या खोलीत ठेवते म्हटलं. वहिनी म्हणाली, "वन्सं, तुमी त्याच हातानं परत सैपाकघरात येणार की." अण्णाने मध्ये पडून मिटवलं. वेगळ्या खोक्यात भरून दुकानात ठेवतो, नव्या घरी शोकेसमध्ये ठेवू, देवघरात नको एवढंच, असं म्हणाला. मला ते पटलं. भाऊ आहे, त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवायची सवय असते. अव्वाला मात्र कुणी काही सांगितलं नाही.

राहिलेली मेल मी माझ्या खोलीत एकटीने वाचली. छपाईचं साल नसलं तरी अक्षरांच्या वळणावरून आणि कागदावरून पोथी अठराव्या शतकाच्या मध्याच्या आसपासची असावी. कव्हर मात्र त्याहून जुनं, दुसऱ्या कुठल्या तरी मोडक्या ग्रंथाचं काढून याला बसवलेलं. अशा प्रती तिकडे बऱ्याच आहेत, फार दुर्मीळ नाही. आणि शेवटी तिकडच्या त्या न पाहिलेल्या ग्रंथपाल बाईने लिहिलं होतं की खणात बांधून इतकी वर्षं पूजलेली प्रत मात्र तिला दुसरी माहीत नाही. शक्य असेल तर ती त्याच कापडात राहू द्यावी.

वास्तुशांतीच्या दिवशी संगमरवरी देवघरासमोर हात जोडताना मला देवांच्या खाली तो जांभळा खण दिसला. धुतलेला, इस्त्री केलेला, आसन म्हणून अंथरलेला.

मी वहिनीला स्वयंपाकघरात गाठलं. तिने लपवलं नाही, उलट तिला वाटलं मी कौतुक करेन. खण रेशमी, टाकवेना, म्हणून तीन पाण्यातून काढला. आणि पोथी? पूजलेली वस्तू कचऱ्यात टाकता येत नाही आणि तसली घरातही ठेवता येत नाही, म्हणून जुन्या पोथ्यांचं करतात तसं यांनी पाण्यात विसर्जन केलं. रीतसर. दोन अगरबत्त्या लावून. सिद्धेश्वरच्या तळ्यावर ओळखीचे लोक भेटतात, म्हणून तिऱ्ह्याच्या पुलावरून सीना नदीत.

एप्रिल महिना होता. एप्रिलमध्ये सीनेत काय पाणी असतं ते सोलापूरच्या माणसाला सांगायला नको. दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा करून मी गेले. पुलाखाली हिरवट डबकी, प्लास्टिकच्या पिशव्या, देवांच्या काच फुटलेल्या तसबिरी, सुकलेले हार. चप्पल हातात घेऊन चिखलात जाता येईल तिथवर गेले. एका तसबिरीवर शेळी उभी राहून हाराची फुलं खात होती. पोथी दिसली नाही. अडीचशेहून जास्त वर्षं आगीतून, लढायांतून, समुद्रातून वाचलेलं पुस्तक आमच्या सोवळ्यातून वाचलं नाही.

घरी आल्यावर अण्णाला म्हटलं, तू अव्वाला सांग, नाहीतर मी सांगते. तो म्हणाला, तिचं बीपी वाढेल. मी म्हटलं, वाढू दे. शेवटी तो तिच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसला. मी दारात उभी राहिले, तो पळून जाऊ नये म्हणून.

त्याने फार लांबून सुरुवात केली. देवघराचं पावित्र्य, पाहुण्यांची तोंडं, वहिनीचं मन. शेवटी तो म्हणाला, "अव्वा, तुला धक्का बसंल, पण ते पुस्तक डुकराच्या कातड्याचं होतं."

"गोत्तैती," अव्वा म्हणाली. माहीत आहे.

अण्णाला ते कळायला वेळ लागला. मलाही.

"लग्नाच्या आदीपासून म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "पाद्रीनं देतानाच आमच्या अप्पांना, तुमच्या अज्जांना, सांगितलं होतं. मास्तर, ह्याचं कातडं डुकराचं हाय, तुमच्या घरात चालत नसंल तर घिऊ नका, मला वाईट वाटनार न्हाय. अप्पांनी इचार केला, आन मग माज्या आईकडून हा खण मागून घितला आन खणातच घितलं. हात लावला न्हाय. मला देताना अप्पा म्हनाले, बाळ, त्यानं न सांगता दिलं असतं तर मला कसं कळलं असतं? छावनीत न्हेत होते त्याला, तरी खोटं बोलला न्हाय. म्हनून घितलं."

"अव्वा, पण देवघरात..."

"कापडात होतं की. देवघरात होतं तवर तुमचा कुनाचा हात लागू दिला का मी? बांदून झाल्यावर माजा मी धुवायची."

मला ते धुतलेले हात आठवले. एवढी वर्षं आम्हाला वाटत होतं की ती पोथीला आमच्यापासून जपतेय. ती आम्हालाही पोथीपासून जपत होती, आणि त्याबद्दल एक शब्द बोलली नव्हती.

अण्णा चिडला. चूक उघडी पडली की त्याला राग येतो. "मग आमाला का न्हाय सांगितलंस?"

"तुमी इचारलं का कदी?" अव्वा म्हणाली. "किती जुनं हाय, एवढंच इचारलंत." मग आवाज न चढवता ती म्हणाली, "कुटं हाय आता?"

त्याने सीनेचं सांगितलं. अगरबत्त्यांचंही सांगितलं, बिचाऱ्याला वाटलं त्याने बरं वाटेल.

"परका मानूस सांगून देऊन गेला," ती म्हणाली. "माजं पोरगं न सांगता घिऊन गेलं."

अण्णा उठून गेला. थोड्या वेळाने ती मला म्हणाली, खण आण. मी देवघरात जाऊन देव एका हाताने उचलले आणि दुसऱ्या हाताने खण ओढून काढला. वहिनी बघत होती. अव्वाने तो मांडीवर पसरला आणि बोटांनी चाचपायला लागली. तिच्या डोळ्यांना आता फारसं दिसत नाही, तिला जुन्या घड्या हव्या होत्या, पुस्तकाच्या मापाच्या, बांधून बांधून कायमच्या पडलेल्या. वहिनीने इस्त्री चांगली केली होती. एकही घडी राहिली नव्हती. मी शेजारी बसून रडले. अव्वा रडली नाही, पण चाचपणं थांबवलंही नाही.

तेव्हापासून ती अण्णाशी जेवढ्यास तेवढं बोलते. पाणी दे. पंखा बंद कर. खण तिच्या उशाखाली असतो. शोकेसमध्ये अण्णाने काचेचे हत्ती ठेवलेत, त्यांच्यावर लाईट पडतो.

परवा त्याच्याकडे दुकानातले कुणी व्यापारी जेवायला आले होते. गप्पांत जुन्या वस्तूंचा विषय निघाला. अण्णा त्यांना रंगून सांगत होता, आमच्याकडे एक जर्मन पोथी होती, लई जुनी. मग मला वाढताना बघून हाक मारली, "अगं, शेवटी किती वर्षांचं निघालं होतं ते? ते ऐकायचंच राहिलं की."

आतल्या खोलीचं दार उघडं होतं. अव्वा जागी होती.

"यंदाचंच होतं," मी म्हटलं. "तसं छापलं होतं त्यावर." आणि त्याच्या पानात आमटी वाढली.